मुलांचं आरोग्य घराकडे की शाळेकडे? पालकसभेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. आता नातवाच्या खासगी शाळेत पालकांच्या रांगेत बसते. त्यामुळे 'पालक लक्षच देत नाहीत' आणि 'शाळा कशासाठी फी घेते मग' ही दोन्ही वाक्यं मला तोंडपाठ आहेत. खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या शाळांना धरून आहेत. मत माझं, कायदे सरकारचे.

एका वाक्यात सांगा, जबाबदारी कोणाची?

मूल ज्या वेळी ज्याच्या ताब्यात, त्या वेळी त्याची. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ हेच धरून चालतं. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं जाणूनबुजून हेळसांड केली, तर ते कलम त्याला शिक्षा सांगतं.

आता तासांचा हिशोब करा. वर्षाचे ८,७६० तास. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षात २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन हवं, पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास. मधली सुट्टी, परिपाठ धरला तरी शाळेच्या वाट्याला वर्षाचा सातवा-आठवा हिस्साच येतो. झोप, जेवण, दात, लसी, मोबाईल हे सगळं उरलेल्या तासांतलं, म्हणजे घरचं. ते शाळेवर ढकलता येणार नाही. पण शाळेच्या त्या तासांत मूल पडलं, पाणी प्यायलं नाही, चक्कर येऊन बसलं, तर 'घरून नाश्ता करून येत नाहीत हो' म्हणून आम्हालाही हात झटकता येत नाहीत.

माझ्या अनुभवात खरी पंचाईत जबाबदारी नाकारण्यापेक्षा निरोप न पोचण्यात होते. मुलाला फिट येते हे घराला माहीत, शाळेला नाही. मूल फळा दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत बघतं हे शाळेला माहीत, घराला नाही. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हाच मुद्दा येईल, कंटाळू नका.

शाळेत डॉक्टर येऊन तपासतात ना? मग आम्ही वेगळं कशाला दाखवायचं?

येतात, पण सगळ्या शाळांत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. त्यात फिरत्या पथकानं अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतली मुलं वर्षातून एकदा तपासायची असतात. पथकात आयुषचे, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथी वगैरेंचे, दोन डॉक्टर (एक पुरुष, एक स्त्री), नर्स आणि औषधनिर्माता. जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि वाढीतले अडथळे ही चार गोष्टींची मुख्य यादी.

विनाअनुदानित खासगी शाळेत ही गाडी येत नाही. तिथे शाळेनं स्वतः शिबिर लावलं तर लावलं. म्हणजे फी भरणाऱ्या पालकांच्या मुलांची तपासणी होईलच असं नाही, आणि गंमत म्हणजे तेच पालक सर्वांत निश्चिंत असतात.

दुसरी गोष्ट. पथक एका दिवसात खूप मुलं बघतं. ती चाळणी असते, निदान नसतं. हृदयाचा वेगळा आवाज ऐकू आला, कानातून पू दिसला, तर ते चिठ्ठी लिहून ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. पुढचा उपचार मोफत होतो, हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत. पण ती चिठ्ठी मुलाच्या हाती दिली की ती दप्तराच्या तळाशी जाते. एप्रिलमध्ये दप्तरं रिकामी करताना पेन्सिलीच्या सालपटांत, चिंचोक्यांत चुरगळलेल्या संदर्भ चिठ्ठ्या मी स्वतः काढल्या आहेत. त्यावरची तारीख ऑगस्टची असायची. म्हणून वर्गशिक्षकांना माझं सांगणं असायचं, चिठ्ठी मुलाकडे द्यायची नाही, पालकाला बोलावून सही घेऊन द्यायची. आणि पालकांनो, तुमच्या शाळेत तपासणी झाली असं मुलानं सांगितलं तर 'काय लिहिलंय' हे दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा.

मुलगा फळ्यावरचं लिहून घेत नाही. बाई म्हणतात आळशी आहे. खरंच?

आधी डोळे तपासा, मग आळशी म्हणा. लहान मुलाला आपल्याला कमी दिसतंय हे कळत नाही, त्याला वाटतं जग सगळ्यांना असंच धूसर दिसतं. डोळे बारीक करणं, वही नाकाशी नेणं, पुढच्या बाकासाठी भांडणं, संध्याकाळी डोकं दुखणं या खुणा शिक्षकाला आधी दिसतात. शाळांतल्या नेत्रतपासणीत सरकारी योजनेतून चष्मा मोफत मिळतो. मिळालेला चष्मा घरी कपाटात राहतो, विशेषतः मुलींचा, हे मात्र घराकडेच येतं.

जंताची गोळी शाळेत का देतात? आम्हाला न विचारता?

न विचारता देऊ नये. निरोप आधी यायला हवा आणि तुमचं मूल आजारी असेल किंवा त्याची दुसरी औषधं चालू असतील तर तुम्ही तसं कळवायला हवं. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची. वय १ ते १९, दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धीच. शाळेत एकदम देण्याचं कारण साधं आहे. जंत मातीतून, न धुतलेल्या हातांतून पसरतात. एकट्याला दिली आणि बाकीच्यांच्या पोटात तसेच राहिले तर काही महिन्यांत पुन्हा पहिल्यासारखं.

ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला गोळीनंतर मळमळ, पोटदुखी होऊ शकते. एकाला उलटी झाली की वर्गातल्या दहाजणांना मळमळतं, आणि तेवढ्यात कोणीतरी व्हॉट्सअॅपवर 'विषबाधा' लिहून मोकळं होतं. अशा दिवशी शिक्षकांनी मुलांना सावलीत बसवावं, पाणी द्यावं, आरोग्य केंद्राला फोन करावा. घाबरलेल्या पालकाला फाटकाबाहेर उभं करू नये, आत घेऊन मूल दाखवावं. निम्मी अफवा तिथेच संपते.

आणि ती आठवड्याची लोहाची गोळी?

दहा वर्षांपुढच्या मुलामुलींना निळी, पाच ते दहा वयाला गुलाबी. आठवड्यातून एक, जेवणानंतर. उपाशीपोटी दिली की त्रास होतो आणि मग गोळी बदनाम होते. चहासोबत घेऊ नये. शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण हे मुलांना आधी सांगितलं नाही तर गोळ्या खिडकीबाहेर जातात. आमच्या शाळेच्या मागच्या गवतात निळे ठिपके दिसायचे, त्यावरून मला कळायचं की या आठवड्यात वर्गात कोणी समजावून सांगितलेलं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. गोळी शाळा देईल. भाकरीबरोबर पालेभाजी आणि उसळ, जेवताना लिंबाची फोड, आणि घरात मुलीच्या ताटात मुलाइतकंच पडणं, हे शाळेच्या हातात नाही.

शाळेतली खिचडी खाऊन मुलं आजारी पडली तर कोण जबाबदार?

शाळा आणि अन्न शिजवणारी यंत्रणा. इथे घरावर काही येत नाही.

थोडं मागून सांगते. शाळेतल्या जेवणाची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी मुलांना घरी तांदूळच मिळायचे. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला. २०२१ पासून नाव पीएम पोषण झालं, गावात मात्र अजून 'खिचडी'च. पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी, २० ग्रॅम.

जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत २३ मुलं दगावली. तेलात कीटकनाशक आलं होतं. त्यानंतर चव घेण्याच्या नियमाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे, मुलांना वाढण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन-तीन प्रौढ सदस्यांनी, त्यात किमान एका शिक्षकानं, अन्न चाखायचं.

प्रत्यक्षात काय होतं? चव नोंदवही सोमवारीच शनिवारपर्यंत भरून ठेवलेली असते, 'चव उत्तम' असं एकाच पेनानं, एकाच अक्षरात. हे मी शेजारच्या शाळांतही पाहिलं आहे. शिक्षकांची बाजूही ऐका. तांदळाचा साठा, रोजची ऑनलाइन नोंद, स्वयंपाकी ताईंचं थकलेलं मानधन, गॅस संपला तर धावपळ, हे सगळं दोन शिक्षकी शाळेत शिकवता शिकवता करायचं असतं. म्हणूनच पालक सदस्यांनी चाखायला यायचं. आठवड्यातून एक दिवस एका आईनं साडेअकराला येऊन पातेल्यावरचं झाकण काढून बघितलं, की डाळ आपोआप घट्ट होते. डाळीत पाण्यातून दाणे शोधावे लागतात का, तेल कोणत्या डब्यात ठेवलंय, तांदूळ निवडलाय का, एवढं बघायला पदवी लागत नाही.

एखाद्या दिवशी आहार शिजलाच नाही, तर त्या दिवसाचं धान्य आणि पैसे अन्न सुरक्षा भत्ता म्हणून मुलाला मिळायला हवेत, हे २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांत आहे. मागणारे पालक मला फार भेटले नाहीत.

डब्यात काय द्यायचं हे शाळा कशी ठरवणार?

सुचवू शकते, दामटू नये. 'सोमवारी पोळीभाजी, मंगळवारी उसळ' असं वेळापत्रक लावणाऱ्या शाळांनी हेही बघावं की पहाटे सहाच्या पाळीला जाणारी आई मोड आलेली मटकी कधी शिजवणार. आणि कोणाच्या डब्यात काय आहे यावरून, अंडं आहे की बोंबील यावरून, वर्गात शेरेबाजी होत असेल तर ती थांबवणं हे शिक्षकाचं काम.

शाळेच्या कँटीनबद्दल मात्र नियम कडक आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. तंबाखूसाठी २००३ चा कायदा १०० यार्ड म्हणतो. फाटकाजवळची टपरी कुठे आहे ते तुम्हीच पावलं मोजून बघा. पण त्या टपरीवरच्या पाच-दहा रुपयांच्या पाकिटाचे पैसे खिशात कोण घालतं, हाही प्रश्न आहेच.

मुलीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते.

ती पाणी पीत नाही, कारण तिला शाळेच्या स्वच्छतागृहात जायचं नाही. दार लागत नसेल, कडी तुटली असेल, पाणी नसेल, किंवा तासाला परवानगी मागितली की 'आत्ताच सुट्टी झाली ना' असं ऐकावं लागत असेल. मग लघवीची जळजळ, पोटदुखी, बद्धकोष्ठ, आणि पाळीच्या दिवसांत गैरहजेरी. मुलींच्या हजेरीपटावर दर महिन्याला तेच तीन-चार दिवस कोरे दिसायला लागले की वर्गशिक्षिकेनं समजून घ्यावं.

मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे. बांधकाम बहुतेक ठिकाणी झालेलं असतं. अडतं ते कडी, पाणी आणि रोज साफ करायला माणूस यावर. पालकसभेत वातानुकूलित वर्गाची चर्चा तासभर चालते. एकदा सगळ्यांनी उठून मुलींचं स्वच्छतागृह बघून या, मग सभा सुरू करा.

दप्तराचं ओझं?

मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. महाराष्ट्रात जुलै २०१५ चा शासन निर्णय आहे, राष्ट्रीय दप्तर धोरण २०२० चं. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो, बाटली-डब्यासकट. २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांनाच कोरी पानं जोडून वह्या कमी करायचा प्रयोग झाला, तो पुढे गुंडाळला. शाळेनं वेळापत्रक पाळावं. घरच्यांनी रविवारी दप्तर उलटं करावं, निम्मं वजन मागच्या आठवड्याचं निघतं.

थोडासा ताप आहे, पाठवू का? चाचणी आहे आज.

नको. गोळी देऊन पाठवलेला ताप साडेदहाला उतरतो आणि दीडला परत चढतो, तेव्हा तुम्ही कामावर असता आणि फोन लागत नाही. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच. डोळे आले, उलट्या-जुलाब सुरू आहेत, तरी घरीच. उवांसाठी मात्र घरी बसवायची गरज नाही, उपचार करा आणि पाठवा.

यात शाळेचाही दोष आहे. शंभर टक्के उपस्थितीला बक्षीस देणं बंद करा. ते बक्षीस म्हणजे तापातही शाळेत या असं सांगणं आहे.

मुलीला फिट येते. शाळेत सांगितलं तर बोभाटा होईल, उद्या लग्नाला अडचण. काय करू?

सांगा. मला हा प्रश्न आयांनी कोपऱ्यात घेऊन, पदर तोंडावर धरून विचारला आहे. त्यांची भीती खोटी नाही, गावात तोंडं कशी चालतात हे मलाही माहीत आहे. पण न सांगता मुलीला फिट आली तर काय होतं ते ऐका. कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल, कोणी दातांत चमचा घालतो, चौघं हातपाय दाबून धरतात. चमच्यानं दात तुटतात, तुकडा घशात जाऊ शकतो.

करायचं एवढंच. आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा, मुलीला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा लागोपाठ दुसरी आली, तर १०८ ला फोन. बाकी मुलांना वर्गाबाहेर न्या. हे वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापक या दोघांना माहीत असलं तरी पुरतं. शाळेनं ते आपल्यापाशी ठेवायचं, स्टाफरूममध्ये चघळायचं नाही. बोभाटा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

दम्याच्या मुलाचा पंप कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात ठेवू नका, त्याच्या दप्तरात किंवा वर्गात हवा. टाइप १ मधुमेहाच्या मुलाला घाम सुटला, हात थरथरायला लागले, ते चिडचिड करू लागलं तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या, एकट्याला कुठे पाठवू नका. त्यानं तासाला बिस्किट खाल्लं तर ती शिस्तभंगाची गोष्ट नाही. सीबीएसईनं २०१७ पासून अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ सोबत ठेवायची मुभा दिली आहे, मग वर्गात कसली आडकाठी?

शिक्षकांनी मुलाला औषध द्यावं का?

स्वतःच्या मनानं नाही, पॅरासिटामॉलही नाही. पालकांनी लेखी दिलं असेल, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत असेल आणि मात्रा स्पष्ट असेल तर द्यावं.

शाळेत पडून हात मोडला. खर्च कोणाचा?

प्रथमोपचार, दवाखान्यात नेणं आणि तुम्हाला ताबडतोब कळवणं शाळेचं. निष्काळजीपणा असेल, म्हणजे तुटलेला झोपाळा, कठडा नसलेली गच्ची, तर पुढचं उत्तरही शाळेनंच द्यायचं. राज्यात पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. कागद मुख्याध्यापकांमार्फत जातात, म्हणून त्यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

'सर, दोन ठेवून द्या, हातपाय तेवढे मोडू नका' असं आम्हीच सांगितलं, तर?

तुम्ही सांगितलं तरी चालत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं. पालकाची परवानगी तिथे विचारलेलीच नाही. उन्हात उभं करणं, शंभर ऊठबशा, दप्तर घेऊन पळवणं हेही त्यातच आलं.

लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायदा सर्वांना तक्रार बंधनकारक करतो. 'शाळेचं नाव जाईल' म्हणून दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षभराची कैद होऊ शकते. आधी आतल्या आत चौकशी करतो, हे उत्तर ऐकून घेऊ नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मुलालाही पाठ असू द्या.

मुलगा गप्प गप्प असतो. हे शाळेनं बघायचं की आम्ही?

जो आधी बघेल त्यानं दुसऱ्याला सांगायचं, आणि तेही मुलासमोर नाही. डबा तसाच परत येणं, मित्र तुटणं, सारखं पोट दुखणं, अक्षर अचानक बिघडणं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत प्रशिक्षित समुपदेशक हवा असं सांगितलं आहे. तुमच्या शाळेत आहे का, विचारा. तोवर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

सकाळची शाळा, झोप पुरत नाही.

फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानं चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं. सहा ते बारा वयाला नऊ तास तरी झोप हवी. नऊची शाळा झाली आणि घरात साडेअकरापर्यंत टीव्ही चालू राहिला, तर तो तास कुठे गेला ते तुम्हाला माहीत आहे.

शाळा ऐकतच नाही. कोणाकडे जायचं?

आधी लेखी, मुख्याध्यापकांना. मग शाळा व्यवस्थापन समितीकडे. सरकारी-अनुदानित शाळेत या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, म्हणजे तक्रार आपल्याच शेजाऱ्याकडे करायची आहे. तिथेही हललं नाही तर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ आणि मग शिक्षणाधिकारी.

जूनमध्ये शाळेला नेमकं काय लिहून द्यायचं?

एक पान पुरतं. रक्तगट, कोणत्या औषधाची किंवा पदार्थाची अॅलर्जी, फिट, दमा, मधुमेह, हृदयाचा त्रास, चालू औषधं, आधी झालेली शस्त्रक्रिया, नेहमीच्या डॉक्टरांचं नाव. दहा आणि सोळा वर्षांची धनुर्वाताची लस झाली की नाही तेही लिहा, ती बहुतेकांची राहते. दोन प्रती करा, एक वर्गशिक्षकांना, एक कार्यालयात, आणि दिवाळीनंतर काही बदललं असेल तर नवं पान द्या. फोन नंबर तीन लिहा. आईचा, बाबांचा, आणि तिसरा अशा माणसाचा जो दुपारी घरी असतो आणि अनोळखी नंबरही उचलतो.